चार फूट दहा इंचांची कांडी

माझी उंची पाच फूट नऊ इंच. माझ्याजवळ मिरवण्यासारखी ही एकच गोष्ट, आणि तीसुद्धा मी कमावलेली नाही. वडिलांकडून आयती आली. सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या माळ्यावरचा डबा काढायचा असो, पंखा पुसायचा असो की उत्तराणीला, म्हणजे संक्रांतीला, तारेत अडकलेला पतंग सोडवायचा असो, हाक मलाच यायची. शैला हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. बाकी सगळीकडे मी ‘शिडी’.

हे आधी सांगते, कारण मला सांगायचंय ते माझ्याहून अकरा इंचांनी बुटक्या असलेल्या एका मुलीबद्दल. तिच्याशेजारी उभं राहिल्याशिवाय माझी उंची किती फुकट गेली ते कोणाला कळायचं नाही.

मंगला आमच्या मराठी शाळेत माझ्याच वर्गात होती. पहिल्या बाकावर ती, शेवटच्या बाकावर मी, त्यामुळे दहावीपर्यंत आमची फारशी ओळख नव्हती. दहावी झाल्यावर मी अकरावीला गेले आणि ती खात्यात कांड्या भरायला लागली. पावरलूमच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात, आणि कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची बोटभर नळी. मंगलाचा आकार आणि तिचं काम बघून गल्लीतल्या पोरींनी तिचंच नाव ‘कांडी’ ठेवलं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. हाक मारली की ‘ओ’ म्हणायची, तेही असं खणखणीत की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं.

त्याच वर्षी शाळांच्या कुठल्याशा स्पर्धेत नानपुऱ्याच्या क्लबाचे होमी सर मला पाहून गेले. पांढरी अर्धी चड्डी, डोक्यावर कॅनव्हासची टोपी आणि गळ्यात शिट्टी असा हा म्हातारा पारशी मुलींना फुकट बास्केटबॉल शिकवायचा. त्यांनी मला रोज संध्याकाळी बोलावलं. आईची अट एकच होती. रेल्वेच्या गरनाळ्याखालून, म्हणजे बोगद्यातून, स्टेशन ओलांडून, तिथून बसने नानपुऱ्याला एकटी जायचं नाही. कोणीतरी सोबत पाहिजे. मंगलाची पाळी चारला सुटायची, आणि तिला बस फार आवडायची. ती म्हणाली, “काकू, मी जाते ना सोबत.”

अशा रीतीने पाच फूट नऊ इंचांच्या मुलीला राखायला चार फूट दहा इंचांची मुलगी निघाली. बसमधला कंडक्टर रोज हसायचा.

आठ दिवस ती कोर्टाच्या कडेला आमच्या पिशव्या सांभाळत बसली. केसांत खात्यातला कापूस, पायांत रबरी चपला. नवव्या दिवशी मी चेंडू हातात घेऊन दोघींच्या मध्ये सापडले आणि कडेवरून आवाज आला, “ए शिडे! ती निळ्या बनियनवाली तुझ्या मागं मोकळी उभी होती. दोनदा! दिसली नाही तुला?”

सगळं मैदान थांबलं. होमी सरांनी शिट्टी तोंडातून काढली. “आ पोरी कोन छे?”

“सर, ती माझी सोबत आहे,” मी म्हटलं.

सरांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही. मग जवळ जाऊन विचारलं, “बीजूं सूं देखायूं तने?” आणखी काय दिसलं तुला?

कांडीने सांगायला सुरुवात केली. कोण कुठे उभी होती, कोणाचा बूट सैल आहे, कोण डाव्या बाजूला कधीच वळत नाही, कोण दमली असून दाखवत नाही. दहाच्या दहा मुलींचा हिशेब तिने बसल्या जागी दिला. सर टोपी काढून डोकं खाजवत राहिले आणि शेवटी म्हणाले, “काले बूट पहेरीने आवजे.” उद्या बूट घालून ये.

बुटांचीही एक गोष्टच झाली. तिच्या मापाचे खेळाचे बूट अख्ख्या चौटा बाजारात मिळेनात. शेवटी लहान मुलांच्या दुकानात मिळाले. त्यांच्या टाचेत लाल दिवा होता. पाय टेकला की तो लागायचा. पहिले चार दिवस आम्ही हसूनच दमलो. मग सरांनी त्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली.

तिला एवढं सगळं एका वेळी कसं दिसतं, याचं कोडं मला पुढे तिच्यासोबत खात्यात गेल्यावर सुटलं. तिचे वडील, आप्पा, तिथेच आठ लूम चालवायचे. पारोळ्याकडचे. उमेदीच्या वयात सुरतेला आलेले. दुपारच्या सुटीत कांडी घरून त्यांचा डबा घेऊन जायची. मी दारातच कानांवर हात ठेवले. एकेका शेडमध्ये चाळीस-पन्नास लूम, आणि आवाज असा की स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येऊ नये. तिथे कोणीच तोंडाने बोलत नव्हतं. सगळे हातांनी बोलत होते. दोन तर्जन्या टोकाला टोक लावून झटक्यात दूर केल्या की तार, म्हणजे सुताचा धागा, तुटला. करंगळी हलवली की कांडी संपली. पोटावरून मोठा गोल हात फिरवला की सेठ आला, कामाला लागा. लांबचं काही असेल तर ओठ मोठे हलवायचे, समोरचा ओठांवरून वाचायचा.

आप्पांना त्या आवाजाने ऐकू येणं फार कमी झालं होतं, त्यामुळे घरीसुद्धा तीच भाषा चालायची. कांडी लहानपणापासून दोन भाषा शिकली, घरची अहिराणी आणि खात्यातली हातांची.

त्या दिवशी मी पाहिलेलं मला अजून जसंच्या तसं आठवतं. आप्पा आठ लूमच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभे होते. एवढीशी कांडी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बोटांचा घास करून ओठांना लावला, मग दोन बोटं आपल्या डोळ्यांखाली ठेवली आणि तळहात सगळ्या लूमांवरून फिरवला. तू जेव, मी बघते. आप्पा डबा घेऊन कोपऱ्यात बसले आणि वीस मिनिटं त्यांचे आठ लूम तिने सांभाळले. ती एकाही लूमकडे टक लावून बघत नव्हती. मध्ये उभी राहायची, आणि जो लूम थांबेल त्याच्याकडे तो पुरता थांबायच्या आत पोचलेली असायची.

“कसं कळतं गं तुला?” बाहेर आल्यावर मी विचारलं.

“चालू असलेल्याकडे काय बघायचं? तो चालूच आहे. थांबतो त्याच्याकडे पळायचं,” ती म्हणाली. मला वाटतं, पुढे दहा वर्षं बास्केटबॉलमध्ये तिने एवढंच केलं.

आप्पांची एक सवय मात्र सांगून ठेवते. लूम चालू असताना कोणी बघणारं उभं राहिल्याशिवाय ते घास तोंडात घालायचे नाहीत. ज्या दिवशी कांडीला उशीर होई, त्या दिवशी डबा तसाच राही. “कापड खराब व्हई जाई ना,” म्हणायचे.

तिच्या पहिल्या सामन्यात तिने जी चूक केली ती खात्यातल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी केली नसती. समोर बारडोलीचा संघ होता. त्यांची एक मुलगी चेंडू घेऊन कोपऱ्यात सापडली. आमच्या दोघी तिच्या अंगावर. ती बिचारी इकडेतिकडे बघतेय, पास द्यायला कोणी नाही. तेवढ्यात कांडी पळत तिच्याजवळ गेली आणि दोन्ही तळहात कमरेशी उघडे धरून उभी राहिली. त्या घाबरलेल्या मुलीने चेंडू तिच्या हातात ठेवला! दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मी ओरडले, “कांडे, टाक इकडे!” आणि आमचे दोन गुण झाले.

होमी सर खुर्चीवरून उठून नाचले. काय डोकं आहे पोरीचं, म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती, कारण सामना संपल्यावर कांडी त्या मुलीकडे जाऊन म्हणाली, “सॉरी हं. तू अडकली होतीस ना, म्हणून आले मी. तू कोणाची ते लक्षातच नाही राहिलं.”

पुढे तिने त्या चुकीचाच डाव केला. समोरची मुलगी अडकली की ही हळूच तिच्याजवळ जायची, तळहात उघडायची, आणि दर सामन्यात एखादी तरी फसायचीच. पण आमच्यापैकी कोणी अडकली की ती आणखी जोरात धावायची. तीन वर्षांत आम्हाला इतकी सवय झाली, की अडचणीत सापडल्यावर आम्ही वर बघायचं सोडून दिलं. कमरेच्या उंचीवर दोन तळहात दिसले की चेंडू सोडायचा. तेवढ्या खाली फक्त तिचेच हात असायचे.

उंचीवरून तिला कोणी काही बोललं नाही असा एक सामना झाला नसेल. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. “चेंडू दर दोन मिनिटांनी जमिनीवरच येतो ना? जमीन मला जवळ पडते.” रागावलेली मी तिला पाहिली नाही. सामन्याआधी मात्र ती एक काम न चुकता करायची. आम्हा सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधायची, तुटलेला तार जोडतात त्या गाठीने, एका हाताने, बघता बघता. ती गाठ सामन्यात कधी सुटली नाही. घरी गेल्यावरही सुटायची नाही, ती गोष्ट वेगळी. माझ्या आईने माझ्या किती नाड्या कात्रीने कापल्या असतील!

त्या काळी आपल्याकडे बास्केटबॉल खेळून पोट भरायचं तर एकच रस्ता होता. काही मोठ्या कंपन्या स्वतःचे संघ ठेवायच्या. नाव कामगार म्हणून लागायचं, पण काम खेळण्याचं. चौऱ्याण्णव साली अशाच एका कंपनीने मुलींच्या संघासाठी अहमदाबादला निवड ठेवली. होमी सरांनी आमच्या दोघींचे अर्ज आणले. अर्जावर छापलं होतं, किमान उंची पाच फूट चार इंच.

“पाच-बे लखी नाख,” सर कांडीला म्हणाले. “मी बोलतो त्यांच्याशी.”

“सर, ते मापणार. आणि पाच-दोन लिहिलं तरी नियमाला कमीच पडतं. मग खरंच लिहिते ना.” तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, चार फूट दहा इंच.

तिला ती जागा किती हवी होती हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही. पण अर्ज टाकून परत येताना बसमध्ये ती प्रथमच खिडकीबाहेर बघत नव्हती. म्हणाली, “शिडे, जन्मभर कांड्या भरेन, त्याचं काही नाही. पण मला खेळता येतं गं. चांगलं येतं. नुसतं मापून परत पाठवलं तर मी काय करू?” माझी निवड होणार असं मी धरूनच चालले होते.

मग सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. निम्मं लिंबायत गाड्यांना लटकून खानदेशात गेलं, आम्हीही गेलो. परत येईपर्यंत नोव्हेंबरात निवडीची तारीख आली. होमी सरांबरोबर अहमदाबादला पोचलो तर आम्ही सुरतच्या म्हटल्यावर सगळ्या मुली दोन हात लांब. जेवायला आमच्या पंगतीत कोणी बसेना. सकाळच्या सरावात माझ्या अंगावर यायलाही कोणी तयार नव्हतं. कांडी म्हणाली, “बरं आहे की. जागा मोकळी मिळते.”

आमच्याजवळ बसली ती फक्त केरळची लिस्सी. सुरतला काय झालंय हे तिला समजेल अशा भाषेत कोणी सांगितलंच नव्हतं.

आधी उंची मोजली. भिंतीवर खडूने रेघ ओढलेली होती आणि एक गृहस्थ वही घेऊन उभे होते. कांडीला बघून त्यांनी प्रेमाने विचारलं, “बेटी, किसके साथ आई हो?”

“खेलने आई हूँ साहब. लिख लो, चार फूट दस!” खात्यात वाढलेला गळा तो. मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं. चाळीस मुली हसल्या. गृहस्थांनी लिहिलं आणि भोवती लाल गोल केला.

त्यानंतर दिवसभर तिला कोणी उठवलं नाही. एकामागून एक संघ पाडत होते, खेळवत होते. मी तीनदा खेळून आले, ती बाकावर. समोरच्या बाजूला निवड करणारे तिघे बसले होते. दोन पुरुष आणि मधोमध करड्या केसांच्या एक मॅडम, पूर्वी देशाकडून खेळलेल्या. कांडी त्यांच्या ओठांकडे बघत बसली होती.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“तो चष्मेवाला म्हणतोय, सुरतची लंबी लडकी चांगली आहे, पण हाताला लोणी लावलंय.”

मला ते लागलं. पण खरं होतं. “आणि तुझ्याबद्दल?”

“माझ्याबद्दल काही म्हणतच नाहीयेत,” ती म्हणाली. एवढं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. ही बाकावरच्या मुलींना हातांची भाषा शिकवायला लागली. एक केरळची, एक पंजाबची, एक ओरिसाची, एक तमिळ. कोणाचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. तार तुटला म्हणजे पास चुकणार, परत या. करंगळी म्हणजे मी दमले, चेंडू दे दुसरीला. पोटावरून हात म्हणजे समोरची ती सहा फूट उंच मुलगी येतेय, सांभाळा. सेठ कोण ते त्यांना समजलं नसेल, पण हसून हसून त्या लोळल्या. सकाळी दोन हात लांब बसणाऱ्या मुली दुपारी तिच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

चार वाजून गेले. शेवटचा सामना चालू होता, मी पिवळ्या संघात होते. लाल संघातली एक मुलगी पाय मुरगळून बसली. समोर मॅडम काहीतरी म्हणाल्या. हाक यायच्या आत कांडी लाल बनियन अंगात घालून कोर्टवर! बनियन गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

चष्मेवाले ओरडले, “ए, तुमको किसने भेजा?”

“मॅडमने. बोली ना, किसी को भी भेज दो. वो किसी को भी मैं हूँ.”

मॅडमनी चमकून तिच्याकडे बघितलं. मग हातानेच म्हणाल्या, खेळू दे.

बारा मिनिटं उरली होती आणि लाल संघ नऊ गुणांनी मागे होता. त्यांच्यातल्या चौघी नेमक्या त्या बाकावरच्या होत्या. मी समोरून खेळत होते म्हणून सांगते, त्या बारा मिनिटांत आमची पार त्रेधा उडाली. एकही मुलगी तोंडातून शब्द काढत नव्हती. नुसती बोटं हलत होती आणि चेंडू आमच्या हातांखालून, काखेतून, पायांमधून जात होता. जी थांबेल तिच्याजवळ कांडी उभी. पोटावरून हात फिरला की चौघी आमच्या सहा फुटीला घेरायच्या. ती संतापून हिंदीत काहीतरी बोलली, तेव्हा कांडी म्हणाली, “दीदी, आप सेठ हो, गुस्सा मत करो.”

बरोबरी झाली. शेवटचं अर्धं मिनिट. चेंडू माझ्याकडे आला आणि मी कोपऱ्यात सापडले. लिस्सी आणि ती पंजाबची अंगावर. पुढे जाता येईना, मागे रेघ. घाम डोळ्यांत. आणि मला कमरेच्या उंचीवर दोन उघडे तळहात दिसले.

मी चेंडू सोडला.

तो कांडीच्या हातात पडला आणि मग मला तिचं लाल बनियन दिसलं. ती क्षणभर थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग वळली आणि अख्खं कोर्ट एकटीने कापत गेली, त्या सहा फुटीच्या हाताखालून वाकून चेंडू बोर्डावर टेकवला आणि तो रिंगमधून खाली आला. शिट्टी वाजली. लाल संघ जिंकला. होमी सर कपाळाला हात लावून उभे होते. हसत होते की रडत होते, कळेना. माझ्याबद्दल त्या दिवशी कोणाला आणखी काही बोलायचं राहिलं नाही.

मॅडम उठून कोर्टवर आल्या. कांडीसमोर उभ्या राहून विचारलं, “ये हाथों की बोली कहाँ सीखी?”

“खाते में. पावरलूम पे.”

“ये लड़कियाँ तो आज सुबह मिली हैं.”

“हाँ, पर दिनभर खाली बैठे थे ना मैडम. टाइम बहुत था.”

मॅडमनी वहीतला तो लाल गोल बघितला. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावरचा कापसाचा धागा काढून आपल्या रुमालात ठेवला. मी ते पाहिलं.

परतीच्या गाडीत बडोदा येईपर्यंत कांडी खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, “शिडे, खरं सांग. मुद्दाम दिलास?”

“नाही गं. हात दिसले तुझे. सवयीने गेला.”

“शपथ?”

“शपथ. मुद्दाम दिला असता तर एवढी रडले असते का मी?”

तिने माझा चेहरा नीट बघितला. “मग ठीक आहे. मुद्दाम दिला असतास तर बोलावलं तरी गेले नसते.” आणि पिशवीतून दशमी काढून अर्धी मला दिली. त्यानंतर लोकांनी मला कितीदा विचारलंय, पण उत्तर तेच आहे. ती माझी चूक होती. माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली चूक, असं आता म्हणू शकते. तेव्हा आठ दिवस उशीत तोंड खुपसून पडले होते, हेही खरं.

महिन्याभराने कांडीला पत्र आलं; मला नाही. उंचीचा नियम या खेळाडूपुरता शिथिल केला आहे, असं त्यात लिहिलं होतं. कांडी पत्र घेऊन तडक खात्यात गेली, मी मागोमाग. आप्पांना ऐकू येणार नव्हतं, आणि नोकरी लागली याला हातांच्या भाषेत खूण नव्हती. ती क्षणभर अडखळली. मग तिने आपल्या डोक्यावर हात ठेवून उंची दाखवली, आणि तोच हात वर वर नेत टाचा उंचावून छताकडे नेला. आप्पांनी आजवर कधी न केलेली गोष्ट केली. आठही लूम चालू सोडून ते बाहेर आले आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांना ओरडून सांगितलं, “मनी धाकली पोर कंपनीमा लागनी!” दोन लूमांवरचं कापड त्या दिवशी खराब झालं.

पहिलं वर्षभर तिला तिथेही बाकावर बसवलं. दुसऱ्या वर्षी पाच-दहा मिनिटं मिळायला लागली. तिसऱ्या वर्षी तिच्याशिवाय संघ उतरेना, आणि चौथ्या वर्षी ती कप्तान झाली. पेपरात तिचा फोटो यायचा, बाजूच्या मुलींच्या कोपराखाली. मी तोवर उधन्याच्या एका बालवाडीत शिकवत होते. वर्गातल्या भिंतीवर ते सगळे फोटो मी लावले होते. पोरं विचारायची, टीचर, ही कोण? मी म्हणायचे, ही माझी सोबत.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात तिच्या कंपनीचा संघ सुरतला सामना खेळायला आला. बंदिस्त स्टेडियम, सगळं लिंबायत लोटलेलं. खात्यातली माणसं पाळी बदलून आली होती. मी आप्पांना घेऊन गेले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि मांडीवर डबा; कांडीच्या आईने सकाळी बांधून दिलेला. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी खुणेने म्हटलं, आप्पा, जेवून घ्या. त्यांनी मान हलवली आणि कोर्टकडे बोट दाखवलं. “लूम चालू शे ना.”

सामना अटीतटीचा झाला. मी ओरडून ओरडून घसा बसवला. आप्पा मात्र डब्यावर दोन्ही हात घट्ट धरून बसलेले. त्यांना आमचा गोंगाट ऐकू येत नव्हता. ते फक्त मुलीचे हात वाचत होते. मधूनच स्वतःशी पुटपुटायचे, “तार तुटना... सेठ उना... हां, जोडा.” तीन गुणांनी कांडीचा संघ जिंकला. माइकवर तिचं नाव पुकारलं, सुरतची मुलगी म्हणून सांगितलं, आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. आप्पा तेवढे बसून होते. नाव त्यांना ऐकू आलंच नव्हतं.

मी त्यांना उठवायला हात पुढे केला, तेवढ्यात कांडी कोर्टच्या मधोमध येऊन थांबली. हार गळ्यात, घामाने निथळलेली, दोन्ही बाजूंना ती जेमतेम खांद्याला लागेल अशा उंच मुली. तिची नजर सगळ्या गर्दीवरून फिरली आणि बरोबर आमच्यावर येऊन थांबली. तिने बोटांचा घास करून ओठांना लावला. मग दोन बोटं डोळ्यांखाली ठेवली, आणि तळहात सगळ्या स्टेडियमवरून फिरवला.

आप्पांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. टोपी नीट केली. आणि एवढ्या टाळ्यांच्या गजरात, चारी बाजूंनी लोक उभे असताना, त्यांनी मांडीवरचा डबा उघडला, अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली, आणि जेवायला सुरुवात केली.